अगाथाबाई आणि त्यांची मार्पलआजी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका नामवंत व्यक्तीचे चरित्र असावे असा प्रघात आहे. यंदा ते काम कार्यकर्त्यांनी माझ्या गळ्यात घातले. मी पडलो रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, स्लीपर आणि खडी हेच आमचे साहित्य! तेव्हा जिची पुस्तके मी नाइट ड्युटीच्या दिवसांत खरोखर वाचली आहेत, अशा एका लेखिकेविषयीच लिहायचे ठरवले. अगाथा ख्रिस्ती. रहस्यकथा हा काही थोरांचा विषय नव्हे असे काही ज्येष्ठांना वाटेल, त्यांनी सांभाळून घ्यावे.

मिरजेहून खरगपूरला बदली होऊन आलो तेव्हा एका बंगाली सहकाऱ्याने पिवळ्या पडलेल्या पानांची एक कादंबरी हातात ठेवली. नाव ‘फोर-फिफ्टी फ्रॉम पॅडिंग्टन’. गाडीची वेळ बघून मला वाटले, हे वर्किंग टाइमटेबलच दिसते आहे. माझे इंग्रजी बेताचेच, पण बाईंची वाक्ये सोपी आणि छोटी. तीन रात्रींत पुस्तक संपले आणि तेव्हापासून मी त्यांचा वाचक झालो.

अगाथाबाईंचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा, इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या टॉर्की गावातला. वडील अमेरिकन, खाऊनपिऊन सुखी. आईचे मत असे की मुलाने आठ वर्षांचे होईपर्यंत वाचायला शिकू नये! मुलगी पाचव्या वर्षीच आपली आपण वाचायला शिकली. वडील १९०१ मध्ये गेले आणि घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. शाळा अशी त्यांच्या वाट्याला फारशी आलीच नाही. पुढे पॅरिसला गाणे-पियानो शिकल्या, परंतु स्वभाव इतका बुजरा की लोकांसमोर बसून वाजवणे जमेना.

१९१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी आर्ची ख्रिस्ती या वैमानिक अधिकाऱ्याशी लग्न झाले. महायुद्ध सुरू झालेलेच होते. नवरा आघाडीवर, आणि बाई टॉर्कीच्या इस्पितळात आधी परिचारिका, नंतर औषधे तयार करण्याच्या विभागात. तिथे त्यांनी रीतसर परीक्षा दिली. कोणते औषध किती दिले तर बरे करते आणि किती दिले तर मारते, हे ज्ञान तिथले. थोरल्या बहिणीने पूर्वी पैजच मारली होती की रहस्यकथा लिहिणे तुला जमायचे नाही. बाटल्यांच्या त्या खोलीत ती गोष्ट आठवली आणि १९१६ मध्ये पहिली कादंबरी लिहून झाली. अनेक प्रकाशकांनी परत पाठवलेले ते हस्तलिखित १९२० मध्ये छापले गेले. त्याचे बाईंना मिळाले अवघे २५ पौंड. त्यातला बेल्जियन निर्वासित हर्क्युल प्वारो पुढे जगप्रसिद्ध झाला, पण आपला विषय तो नाही.

आता १९२६. हे साल बाईंच्या आयुष्यातले सर्वांत वाईट. एप्रिलमध्ये आई गेली. माहेरचे घर आवरण्याचे काम एकटीने करताना मन पार खचले. तशात नवऱ्याने सांगितले की त्याचे दुसऱ्या एका तरुणीवर प्रेम आहे आणि त्याला घटस्फोट हवा आहे. ३ डिसेंबरच्या रात्री बाई मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. सकाळी सरे परगण्यात एका उताराशी मोटार सापडली, पण बाईंचा पत्ता नाही. साऱ्या देशात गहजब झाला. पोलीस, स्वयंसेवक, कुत्री, विमानेसुद्धा शोधाला लागली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी तर बाईंचा हातमोजा मृतात्म्यांशी बोलणाऱ्या एका माणसाकडे दिला! अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, त्या उत्तरेकडच्या हॅरोगेट गावी एका हॉटेलात सापडल्या. रजिस्टरवर आडनाव लिहिले होते त्या दुसऱ्या बाईचे. हॉटेलच्या बँडमधल्या वादकांनी त्यांना ओळखले होते. कोणी म्हणाले स्मृतिभ्रंश, कोणी म्हणाले पुस्तक खपवायची युक्ती. बाई ह्याविषयी पुढे जवळजवळ बोलल्याच नाहीत. आत्मचरित्रातही ते अकरा दिवस नाहीत.

माझे मत विचाराल तर त्यांनी गप्प राहिल्या हेच बरे केले. घरचे दुःख आणि ते पेपरच्या पहिल्या पानावर, हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

गंमत पुढेच आहे. ह्या प्रकारानंतर एकाच वर्षाने, डिसेंबर १९२७ मध्ये, एका मासिकात बाईंची एक छोटी गोष्ट आली. काही मंडळी संध्याकाळी जमली आहेत. कोणी स्कॉटलंड यार्डचे निवृत्त बडे अधिकारी, कोणी वकील, कोणी धर्मगुरू, एक चित्रकार मुलगी, एक लेखक. प्रत्येकाने एक खरे रहस्य सांगायचे आणि इतरांनी सोडवायचे असा बेत ठरतो. आपण किती जण, याची मोजणी होते आणि पाच येतात. कोपऱ्यात विणकाम करत बसलेली म्हातारी मोजायची राहूनच जाते, आणि ते घर तर तिचेच! मग तीच आठवण करून देते की मी पण आहे. आणि शेवटी उत्तरही तीच देते. ही मिस जेन मार्पल.

ज्या बाईकडे वर्षभरापूर्वी सारा देश टक लावून पाहत होता, तिने अशी नायिका निर्माण केली की जिच्याकडे कोणी बघतच नाही, पण जिला सगळे दिसते. हे मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. बाईंनी स्वतः दुसरी कारणे दिली आहेत. त्यांच्या आधीच्या एका कादंबरीत डॉक्टरची एक अविवाहित बहीण होती, घरबसल्या साऱ्या गावाची खबर ठेवणारी. ते पात्र त्यांचे फार लाडके, पण नाटक करताना तिच्या जागी एक तरुण मुलगी घातली गेली, त्याचा बाईंना राग आला. शिवाय त्यांच्या आजीचा स्वभाव. कोणाविषयीही वाईटच अंदाज करायचा आणि तो बहुतेक वेळा खरा ठरायचा! आडनाव मात्र चेशरमधल्या मार्पल हॉल ह्या जुन्या वाड्यावरून घेतले.

मार्पलआजींची पद्धत मला आमच्या कीमनसारखी वाटते. कीमन रोज तोच पाच-सहा किलोमीटरचा रूळ चालतो. नवीन काही बघायला नव्हे, तर कालच्यापेक्षा आज काय वेगळे आहे ते बघायला. आजींनी आयुष्य काढले एका सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात. खाटकाचा पोरगा, मोलकरीण, पाद्रीबुवांची बायको, सगळ्यांचे स्वभाव पाठ. बाहेर खून झाला की त्या म्हणायला लागतात, हा माणूस आमच्या गावातल्या अमक्यासारखा दिसतो. पोलीस हसतात. नंतर हसत नाहीत.

मीही एकदा हसलो आहे, म्हणून लिहितो. माझ्या सेक्शनमध्ये एका गेटमनची म्हातारी आई दिवसभर गेटलॉजच्या सावलीत बसून असे. तिने मुलाकरवी मला निरोप दिला की अप गाडी गेटच्या पुढे गेली की हल्ली आवाज वेगळा येतो. म्हातारीला कसला आवाज कळतोय, असे मनात म्हणून मी विसरून गेलो. चार दिवसांनी पुश ट्रॉलीवरून जाताना नेमक्या त्याच जागी जॉइंटखालचे पॅकिंग बसलेले आणि फिशप्लेटचे दोन बोल्ट सैल सापडले. त्या चार दिवसांत त्यावरून किती गाड्या गेल्या याचा हिशेब मी नंतर केला, आणि त्या रात्री झोप लागली नाही. म्हातारीला भेटून सांगितले तेव्हा तिने चहा पाजला. पुन्हा कधी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही.

असो. बाईंकडे वळू. १९२८ मध्ये घटस्फोट झाला. मुलगी रोझलिंड बोर्डिंग शाळेत. बाई वेस्ट इंडीजला जायचे ठरवत होत्या. एका जेवणाच्या वेळी कोणीतरी बगदादचे वर्णन केले आणि रेल्वेनेही जाता येते म्हटल्यावर बाईंनी तिकीटच बदलले. अडतीस वर्षांची बाई, एकटी, ओरिएंट एक्सप्रेसने निघाली! १९३० मध्ये उर येथील उत्खननावर त्यांना मॅक्स मॅलोवन हे तरुण पुरातत्त्वज्ञ भेटले. परतीच्या वाटेवर मुलगी आजारी असल्याचे कळताच मॅक्स त्यांच्यासोबत घरापर्यंत गेले. त्याच सप्टेंबरात एडिंबरोला लग्न. नवरा जवळपास चौदा वर्षांनी लहान. लोक काय म्हणतील याची धास्ती बाईंनाच जास्त होती, पण संसार शेवटपर्यंत टिकला. सीरिया-इराकमधल्या उत्खननांवर त्या फोटो काढत आणि निमरूदला सापडलेल्या हस्तिदंती वस्तूंवरची माती चेहऱ्याला लावायच्या क्रीमने साफ करत.

१९३१ च्या डिसेंबरात परत येताना पावसा-पुराने मार्ग वाहून गेला आणि बाईंची गाडी वाटेत अडकली. त्या आधी १९२९ मध्ये हीच गाडी तुर्कस्तानात बर्फात कित्येक दिवस रुतली होतीच. ह्यातून १९३४ ची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ निघाली. त्यात डब्याचा नकाशा आहे, कोणत्या कूपेत कोण ते दाखवणारा. चार्ट घेऊन फिरणाऱ्या आमच्या टीटीई मंडळींनी अवश्य वाचावी.

पण रेल्वेवाल्यांसाठी खरी कादंबरी ‘पॅडिंग्टन’च, १९५७ ची. दोन गाड्या शेजारच्या रुळांवरून एकाच दिशेने, काही क्षण सारख्याच वेगाने धावतात. तेवढ्यात एका बाईला समोरच्या डब्यात गळा दाबणारा माणूस पाठमोरा दिसतो. गाडीत प्रेत सापडत नाही, म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही. वयस्कर बाईला भास झाला असेल, संपले! मार्पलआजी त्याच मार्गाने पुन्हा प्रवास करतात, नकाशे आणि टाइमटेबल मांडून बसतात. गाडी वळणावर मंदावते आणि बाजूला उंच भराव आहे, म्हणजे प्रेत तिथेच टाकले असणार. कर्व्हवरचे स्पीड रिस्ट्रिक्शन आणि एम्बँकमेंट यावरून खुनाचा माग काढणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. खुनी कोण ते सांगत नाही. मंडळाच्या कपाटात प्रत ठेवतो आहे.

आजींच्या एकूण बारा कादंबऱ्या आणि वीस लघुकथा. १९२७ मध्येच त्या पासष्टीच्या पुढच्या वाटतात आणि १९७१ च्या ‘नेमेसिस’मध्येही कामावर हजर! आम्हाला साठीला शाल-नारळ देतात. मात्र बाईंची अगदी शेवटची पुस्तके मला विसविशीत वाटली, हेही सांगितले पाहिजे.

मार्पलआजी आपल्या शेजारीही येऊन गेल्या आहेत. ‘द मिरर क्रॅक्ड’ ह्या कादंबरीवर ऋतुपर्ण घोष यांनी २००३ मध्ये ‘शुभ मुहूर्त’ हा बंगाली चित्रपट काढला. त्यात राखी झाल्या आहेत रांगापिशी. मांजरे, स्वयंपाकघर आणि त्यातूनच खुनाचा उलगडा. राखींना ह्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बाईंचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ ला लंडनमध्ये लागले आणि करोनाच्या खंडापर्यंत, म्हणजे मार्च २०२० पर्यंत, सलग चालले. २०२१ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. १९७१ मध्ये बाईंना ‘डेम’ किताब मिळाला. प्वारोला त्यांनी १९७५ च्या कादंबरीत मारून टाकले. मार्पलआजींना मात्र मरू दिले नाही. युद्धकाळात लिहून बाजूला ठेवलेली आजींची शेवटची गोष्ट बाईंच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये छापली गेली, आणि त्यातही आजी ठणठणीत आहेत.

१२ जानेवारी १९७६ रोजी वॉलिंगफर्डजवळच्या राहत्या घरी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी अगाथाबाई गेल्या. जवळच्या चोल्सी गावाच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले आहे. चोल्सी स्टेशन पॅडिंग्टनहून पश्चिमेला निघणाऱ्या मेन लाइनवरच आहे.