केडगावचे उघडे दार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. त्या वेळी ज्यूंना आपल्या घरात लपवणारी माणसे बहुतेक साधीसुधीच होती. त्यांतल्या काहींच्या मनात ज्यूंविषयी जुना आकसही होता. पोलंडमधील कॅथोलिक लेखिका झोफिया कोसाक यांच्या मनात तो होता आणि त्यांनी तो लपवला नाही. तरीही १९४२ मध्ये त्यांनी गुप्त पत्रक काढून कॅथोलिकांना गप्प न बसण्याचे आवाहन केले. ज्यूंना मदत करणारी समिती उभारण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. पुढच्याच वर्षी त्या पकडल्या गेल्या आणि ऑशविट्झच्या छळछावणीत पोहोचल्या. आपले मन पूर्ण स्वच्छ होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. दार आधी उघडले.

त्यांच्या आधी कितीतरी वर्षे, असेच दार उघडणारी एक स्त्री आपल्याच दौंड तालुक्यात होऊन गेली. काळ निराळा होता, संकटही निराळे होते. यवतहून दौंडकडे जाताना खुटबावनंतर केडगाव स्टेशन लागते. तेथील मुक्ती मिशन आपल्याला माहीत आहे. पण ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे मन कसे बदलत गेले, हे आपण क्वचितच आठवतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. आईने तेच धन मुलीला दिले. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी गावोगाव पायी फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. ब्राह्मणेतर बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी विवाह केला. १८८२ मध्ये कॉलऱ्याने पतीही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन ही तरुण विधवा पुण्याला आली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना लंडनजवळचा फुलहॅम येथील आश्रम दाखवला. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची तेथे मायेने सेवा चालत असे. रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रियांना दया दाखवायची नसते, हेच त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. एका भगिनीने त्यांना संत योहानच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर येशू जिच्याशी बोलला, तीच ती स्त्री. रमाबाईंच्या मनातली एक भिंत त्या दिवशी हलली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या आपल्या कॅथोलिक पंथाच्या नव्हत्या, पण ही गोष्ट आपल्या सर्वांची आहे.

भिंत हलली तरी एकदम पडत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. तेथे जातीचे नियम पाळण्याची मोकळीक होती. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. सदन पुण्याला आल्यावर, ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पण कर्वे मागे हटले नाहीत. त्यांनी स्वतः विधवांसाठी आश्रम काढला. १९५८ मध्ये याच कर्व्यांना भारतरत्न मिळाले. समाजाचे मन बदलते, पण कुणीतरी आधी बहिष्कार सोसावा लागतो.

त्याच १८९३ साली रमाबाईंवरही वादळ आले. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या होत्या. पालकांना धर्मांतराची भीती वाटली. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले, अनेक मुली घरी नेल्या गेल्या. सदनात कुणाच्या धर्माला हात लावला जाणार नाही, या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. त्यांचे दुखणे अगदीच खोटे होते, असे आपण म्हणू नये. रमाबाईंनी मात्र सदन बंद केले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःची भूक आठवली. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. या वेळी जात पाहिली नाही. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर तंबूंत ठेवले. यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातच्या मुली आल्या आणि संख्या दीड हजारांवर गेली. शेती, विणकाम, छापखाना, सारे स्त्रियाच चालवू लागल्या. अंध मुली ब्रेल शिकल्या. आणि ज्यांच्यासाठी कोणतेच दार उघडे नव्हते, त्या पतित म्हटलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले. फुलहॅमला पाहिलेले केडगावच्या माळावर उतरले.

शेवटच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्या दुःखातही त्यांनी काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले.

प्रिय बंधुभगिनींनो, रमाबाईंचे दार एकाच दिवशी सताड उघडले नाही. आधी स्वजातीच्या विधवा, मग सर्व जातींच्या मुली, मग ज्यांचे नाव काढायलाही लोक लाजत त्या स्त्रिया, असे ते रुंद होत गेले. आपलेही दार कुठेतरी अडलेले असते. ऊसतोडीला आलेल्यांच्या पालांशी, नवऱ्याने टाकलेल्या शेजारणीशी, परक्या भाषेच्या मजुराशी आपण कसे वागतो? मन बदलल्यावर पाहू, असे म्हणत थांबलो तर ते बदलणार नाही. या आठवड्यात अशा एका तरी माणसाला आपण घरात बोलावून चहा देऊ या.