अडगळीतला इतिहास ओळखणारा माणूस : कै. दिनकर गंगाधर केळकर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तलवारी, तोफा, तहनामे आणि राजवाडे उभे राहतात. परीक्षेतही बहुधा तेच विचारले जाते. पण ज्या घराच्या भिंतीला ती तलवार टांगलेली असे, त्या घरातील बाई कोणत्या दिव्याच्या उजेडात भाकरी थापीत होती, पाहुण्यापुढे पानाचा डबा कोणत्या घडणीचा येत होता, लेकरे कशाशी खेळत होती, हे क्वचितच कोणी विचारतो. हा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यभर विचारला, त्या कै. दिनकर गंगाधर केळकर यांच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. कर्मभूमी पुणे. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. दुकानात बसून लोकांना नीट दिसावे याची सोय करणारा हा गृहस्थ मनाने मात्र कवी होता. अज्ञातवासी या नावाने त्यांनी कविता लिहिल्या आणि मराठी वाचकांना ते प्रथम परिचित झाले ते कवी म्हणूनच. इतिहासाची, विशेषतः मराठ्यांच्या इतिहासाची, त्यांच्या मनाला ओढ होती. ती ओढ कागदावर थांबली असती, तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्यासाठी चार ओळी राखल्या गेल्या असत्या आणि आपण त्या पाठ केल्या असत्या. पण १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू गोळा करण्याचा छंद लागला आणि पाहता पाहता त्या छंदाने कवीलाच ताब्यात घेतले.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. पेशवाई जाऊन शंभर वर्षे लोटली होती. जुने वाडे ओस पडत होते, वाटण्या होत होत्या, पितळेची समई मोडीत जात होती. घरात विलायती कंदील आला होता आणि कोरीव दिवा माळ्यावर गेला होता. सरदार घराण्यांतील चिलखते व शस्त्रे यांना तरी मोल होते. मात्र अडकित्ता, वज्री, फणी, दौत, कुलूप, करंडा या वस्तूंना कोण विचारणार? केळकर नेमके त्यांनाच विचारू लागले. गावोगाव हिंडावे, माळे धुंडाळावेत, बाजारातील मोडीच्या ढिगांत हात घालावा आणि पदरमोड करून वस्तू घरी आणावी, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पुढे महाराष्ट्राची हद्द ओलांडून गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेतील प्रांतांतूनही वस्तू येऊ लागल्या. मध्यमवर्गीय संसार सांभाळून हे चालले होते. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ नसती, तर संसार तरी मोडला असता किंवा संग्रह तरी.

अशा घरावर एक मोठा आघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा अकाली गेला. आपला संग्रह त्यांनी पुढे त्याच्याच नावाने उभा केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय हे नाव ऐकून, हा कोणा संस्थानिकाचा ठेवा असावा, अशी अनेकांची समजूत होते. खरे पाहता त्या नावातील राजा म्हणजे एका चष्मेवाल्याचे गेलेले लेकरू. ही गोष्ट कळल्यावर त्या दालनांतील खेळण्यांकडे आणि बाहुल्यांकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलते.

गेल्या वर्षी शैक्षणिक सहलीच्या निमित्ताने हे संग्रहालय मी पाहिले. बाजीराव रस्त्यालगत शुक्रवार पेठेत राजस्थानी धाटणीच्या इमारतीत ते आहे. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या होत्या. आज ती संख्या २०,००० च्या वर आहे आणि त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तू मांडून ठेवलेल्या आहेत. त्यांतील बहुतेक १८ व्या व १९ व्या शतकांतील. मला सर्वांत गुंतवून ठेवले ते अडकित्त्यांनी. सुपारी फोडण्याचे साधे हत्यार ते. पण कुठे त्याला पक्ष्याचा आकार, कुठे घोड्याचा, कुठे स्त्रीपुरुषाच्या जोडीचा. दिव्यांचेही तसेच. एकच वस्तू दहा ठिकाणांहून, दहा रूपांत का आणावी, हे तेथे उभे राहिल्यावर उमगते. एक अडकित्ता म्हणजे नुसती वस्तू. पन्नास अडकित्ते शेजारी ठेवले की कारागीर बोलू लागतो. कोणता आकार कोठला, कोणती धातू कोणाच्या घरची, कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून जोडलेला, हे तुलनेने कळते. वस्तू जमविणे हौसेचे काम आहे, वस्तू ओळखणे विद्येचे. केळकरांचे मोठेपण मला या दुसऱ्या कामात दिसते.

मोडलेले सांधण्याचे त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे मस्तानी महाल. थोरल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूड येथे बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणले आणि आपल्या संग्रहालयात ते जुळवून त्याचे दालन उभे केले. ज्या स्त्रीला पुण्याने जिवंतपणी सुखाने राहू दिले नाही, तिच्या घराला शेवटी पुण्यातीलच एका नागरिकाने आसरा दिला.

१९६२ साली संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. १९७५ साली केळकरांनी हा सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पैशापैशाने जमविलेली, लेकराच्या नावाने जपलेली ही दौलत त्यांनी सर्वांच्या हवाली केली. १९८० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९९० साली, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुण्यातील माणसाची ही कथा उमरग्याच्या महाविद्यालयाच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर केळकर गेल्यानंतर तीन वर्षांनी आमच्या भागात घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदे कोसळली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तो आकांत मी पाहिलेला नाही, माझा जन्म त्यानंतरचा; पण तो ऐकतच आम्ही वाढलो. नवी गावे वसली, नवी घरे मिळाली. माणसांच्या दुःखापुढे वस्तूंची कथा काय सांगावी? तरीही त्या ढिगाऱ्यांत रांजण, समया, कोरीव चौकटी, पाळणे आणि देव्हारे होते. जे निघाले त्यातले बरेचसे पुढे भंगारात गेले. आमचे आजोबा-पणजोबा कसे राहत होते याचा पुरावा असा किलोच्या भावाने विकला गेला आणि आजही विकला जात आहे.

पुण्याहून परतल्यावर माझ्या आजोळी, लोहारा तालुक्यातील एका खेड्यात, जुन्या गोठ्यात पडलेली एक मोडकी बैलगाडी मला दिसली. चाकाची लोखंडी धाव काढून विकावी आणि लाकूड चुलीला लावावे, असा मामांचा विचार होता. ही गाडी नेमकी कसली, हे घरात कोणालाच सांगता येईना. मी गावातील एका वयोवृद्ध सुतारबाबांना आणले. त्यांनी बराच वेळ नुसता हात फिरविला. साटा अरुंद, चाके हलकी, दोन्ही बाजूंस ओळीने भोके. मालाची गाडी अशी नसते, असे ते म्हणाले. त्या भोकांत कामट्या वाकवून बसवीत आणि वरून छत घालीत. ही दमणी होती. लेकीबाळींना माहेरी आणण्यासाठी, जत्रेला जाण्यासाठी ठेवलेली. मग आजीला आठवले, की ती स्वतः नवरी म्हणून याच गाडीतून या घरी आली होती.

त्यानंतर चूल मागे पडली. एका चाकाचे चार आरे कुजले होते. ते बाभळीचे नवे घातले. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढविली आणि वर पाणी ओतले. लोखंड आवळले तसे चाक घट्ट झाले. रंग मात्र लावू दिला नाही. जवसाचे तेल पाजून जुने लाकूड जुनेच ठेवले. कोणता भाग मूळचा आणि कोणता नवा, हे मी वहीत लिहून ठेवले आहे. कारण पुढे पाहणाऱ्याची फसवणूक होता कामा नये.

बाहेरच्या जगातही हीच रीत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिराने १९५६ साली गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून जमिनीलगत धावणारी एक चिमुकली गाडी बनविली. अशा गाड्यांना पुढे गो-कार्ट हे नाव पडले. त्या काळच्या दुर्मिळ गो-कार्ट आज हौशी लोक अडगळीतून शोधून काढतात. सांगाड्याच्या नळ्यांचे वाकण, जोडकामाची धाटणी, इंजिनावरील क्रमांक पाहून ती गाडी कोणाची व केव्हाची हे आधी ठरवितात आणि मगच दुरुस्तीला हात घालतात. आमच्या सुतारबाबांनी दमणीचे तेच केले आणि केळकरांनी अडकित्त्याचे तेच केले होते. आधी ओळख, मग डागडुजी. हा क्रम उलटला की जुनी वस्तू चकचकीत होते, पण मुकी होते.

आपल्या जिल्ह्यातही हा वारसा आहे. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या प्राचीन वस्तूंचे त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे?

केळकर होण्यासाठी लागणारी सत्तर वर्षे प्रत्येकाजवळ नसतात. पण सुट्टीतली एक दुपार असते. विद्यार्थी मित्रांनो, आपापल्या घराच्या माळ्यावर एकदा चढून पाहा. जी वस्तू ओळखता येणार नाही ती खाली आणा आणि घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे ठेवा. तिचे नाव, तिचा उपयोग, ती कोणी घडविली हे लिहून घ्या. आमच्या गाडीला दमणी म्हणणारे सुतारबाबा आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि गावात ते नाव सांगू शकणारे दुसरे कोणी आता उरलेले नाही.

— बी. ए. द्वितीय वर्ष (इतिहास)