जावजी दादाजी चौधरी

जावजी दादाजी चौधरी (इ.स. १८३९ – इ.स. १८९२) हे देवनागरी मुद्राक्षरांचे एक प्रमुख निर्माते, मुद्रक व प्रकाशक आणि मुंबईतील निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक होते. छापखान्यात टाइप घासणारा मुलगा म्हणून त्यांनी कामास आरंभ केला. पुढे त्यांच्या कारखान्यात ओतलेले टाइप सुबकपणासाठी, तर त्यांच्या छापखान्यातील संस्कृत ग्रंथ शुद्धतेसाठी प्रसिद्ध झाले. अक्षररचनेच्या व मुद्रणकलेच्या विद्यार्थ्यांना देवनागरी अक्षराचा खिळा कसा घडत गेला हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र विशेष उपयोगी पडते.

== पार्श्वभूमी ==

देवनागरी टाइपांनी मराठी मजकूर छापण्याचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्राबाहेर झाला. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनने आपला छापखाना सुरू केला. तेथे थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टाइपांचे साचे तयार करून अक्षराला बरेच नीटस रूप दिले. याच मिशनच्या छापखान्यात अनुभव घेतलेल्या गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले.

त्या काळी मराठीतील रोजचे लेखन मोडीत होत असे. ग्रंथांसाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपी वापरली जाई. छापील पुस्तकांकडे सनातनी मंडळी संशयाने पाहत. छपाईच्या शाईत चरबी असते, या समजुतीमुळे धर्मग्रंथ छापण्यास विरोध होता. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरून हा आक्षेप दूर केल्याचे सांगितले जाते.

== बालपण व उमेदवारी ==

जावजींच्या घरची परिस्थिती गरिबीची होती. त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे होऊ शकले नाही. लहान वयातच त्यांना अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याचे काम पत्करावे लागले.

हे काम क्षुल्लक वाटले, तरी छपाईचा दर्जा त्यावर अवलंबून असे. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडांना धातूचे बारीक कंगोरे राहत. ते घासून खिळ्याच्या बाजू सपाट कराव्या लागत. खिळा किंचित जाड राहिला तर ओळ नीट बसत नसे. तो जास्त घासला गेला तर ओळ सैल पडे. देवनागरीत याखेरीज शिरोरेषेचा प्रश्न असतो. शेजारशेजारच्या खिळ्यांवरील रेषा एका पातळीत जुळली नाही, तर शब्द मध्येच तुटलेला दिसतो. अक्षर वाचनीय ठेवण्यासाठी धातूत किती काटेकोरपणा लागतो, याचा हा पहिला धडा होता. ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली चालणारे साचे कोरण्याचे व ओतकामाचे तंत्रही जावजींना तेथेच जवळून पाहता आले.

मिशनचा छापखाना सोडल्यावर त्यांनी मुंबईतील टाइम्स, इंदुप्रकाश इत्यादी छापखान्यांत टाइपांच्या कामाचा अनुभव घेतला.

== टाइपांचा कारखाना ==

१८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराची त्यांना या कामी मोठी मदत झाली. टाइप तयार करताना प्रथम पोलादी तुकड्याच्या टोकावर उलटे अक्षर कोरीत. हा ठसा तांब्यावर ठोकून मातृका, म्हणजे अक्षराचा खोलगट साचा, तयार करीत. तिच्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा वितळवलेला मिश्रधातू ओतला की खिळा मिळे. मूळ ठशातील दोष त्यापासून ओतलेल्या प्रत्येक खिळ्यात उतरत असल्यामुळे ठसा कोरणाऱ्याचा हात व डोळा ही या व्यवसायातील खरी पुंजी होती.

रोमन लिपीत थोड्या खिळ्यांवर काम भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. अक्षराच्या वर मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार आला की एका ओळीत तीन मजले होतात. या मजल्यांसाठी जागा राखावी, तर मधले मुख्य अक्षर लहान होते. मुख्य अक्षर मोठे करावे, तर चिन्हे आखडतात. या दोहोंचा तोल साधणे हे देवनागरी टाइपापुढील मुख्य कोडे होते. जावजींच्या कारखान्यातील टाइपांत अक्षराचे वळण गोलसर व भरदार होते आणि जाड-बारीक रेषांचे प्रमाण राखलेले असे. इतर छापखानेही हे टाइप विकत घेत. त्यामुळे त्यांच्या अक्षराचे वळण निर्णयसागरच्या पुस्तकांपुरते मर्यादित राहिले नाही.

== निर्णयसागर छापखाना ==

१८६९ मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना स्थापन केला. काळबादेवी भागातील कोलभाट गल्लीचा त्याचा पत्ता पुढे संस्कृतच्या अभ्यासकांना सुपरिचित झाला. छापखान्याचे निर्णयसागर पंचांगही लोकप्रिय ठरले. तिथी, नक्षत्रे, घटका व पळे यांचे आकडे लहान टाइपात, उभ्या रकान्यांत बसवावे लागत असल्याने पंचांग हे छपाईच्या नेमकेपणाची परीक्षा घेणारे काम होते.

टाइप ओतणे, जुळवणे, छापणे आणि प्रकाशित करणे ही सर्व कामे एकाच व्यवस्थेखाली आल्यामुळे एखादे दुर्मीळ जोडाक्षर लागले, तर ते तयार करण्याची सोय घरचीच होती. संस्कृत ग्रंथांच्या छपाईत याचा विशेष उपयोग झाला.

== ग्रंथप्रकाशन ==

जावजी स्वतः शास्त्री-पंडित नव्हते. ग्रंथांची निवड, पाठनिश्चिती आणि मुद्रितशोधन यांसाठी त्यांनी विद्वानांचे साहाय्य घेतले. १८८६ मध्ये त्यांनी ''काव्यमाला'' हे संस्कृत नियतकालिक सुरू केले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी त्याचे संपादन केले. तोवर हस्तलिखितांत राहिलेले अनेक ग्रंथ या मालेतून प्रकाशात आले. जगन्नाथ पंडिताचा ''रसगंगाधर'' (१८८८) आणि आनंदवर्धनाचा ''ध्वन्यालोक'' (१८९१) हे त्यांपैकी होत. हस्तलिखिताची प्रत मिळवणे ज्यांना शक्य नव्हते, अशा विद्यार्थ्यांपर्यंत काव्यशास्त्रातील हे मूलभूत ग्रंथ पोहोचले.

मराठीतही त्यांचे कार्य मोठे आहे. विनायक कोंडदेव ओक यांचे ''बालबोध'' हे मुलांसाठीचे मासिक १८८१ पासून निर्णयसागरमधून निघू लागले. जुन्या मराठी कवींच्या रचना प्रसिद्ध करणारे ''काव्यसंग्रह'' हे मासिक १८९० मध्ये सुरू झाले. वामन दाजी ओक हे त्याचे संपादक होते.

== पृष्ठरचनेची वैशिष्ट्ये ==

जुन्या पोथ्यांत मजकूर सलग लिहिलेला असे. शब्द वेगळे करणे आणि टीका मूळ ग्रंथापासून निराळी ओळखणे हे वाचणाऱ्याचे काम होते. निर्णयसागरच्या संस्कृत पुस्तकांत मूळ श्लोक मोठ्या टाइपात, त्याखाली टीका लहान टाइपात आणि पानाच्या तळाशी पाठभेद आणखी बारीक टाइपात, अशी मांडणी आढळते. मजकुराचे महत्त्व आकारावरून कळावे, हे आज अक्षररचनेचे प्राथमिक तत्त्व म्हणून शिकवले जाते. या पानांवर ते सजावटीचा आधार न घेता पाळलेले दिसते. या पुस्तकांचे सौंदर्य वेलबुट्टीपेक्षा ओळींमधील अंतर, समास आणि टाइपांच्या आकारांतील फरक यांवर उभे आहे.

== मृत्यू व वारसा ==

जावजींचे १८९२ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखान्याचा कारभार सांभाळला. भरताचे ''नाट्यशास्त्र'' १८९४ मध्ये काव्यमालेतच प्रसिद्ध झाले. निर्णयसागरच्या आवृत्त्यांची छायाप्रत पुनर्मुद्रणे अभ्यासक आजही वापरतात.

धातूचे खिळे आता वापरातून गेले आहेत. तथापि मात्रा, उकार व जोडाक्षरे यांना पुरेशी जागा देऊनही मुख्य अक्षर ठसठशीत ठेवण्याचा प्रश्न संगणकावरील देवनागरी अक्षरसंच तयार करणाऱ्यांपुढेही कायम आहे. टाइप घासण्यापासून सुरुवात केलेल्या जावजींनी हाच प्रश्न धातूत सोडवला, हे त्यांच्या कार्याचे मर्म होय.