चांदबिबी : पराक्रम मान्य, अधिकार अमान्य

पूर्णा नदी आमच्या तालुक्यातच गोदावरीस मिळते. गोदेच्या खोऱ्याने पश्चिमेकडे वर गेले म्हणजे सोनपेठ व पाथरी ही आमच्याच जिल्ह्यातील गावे लागतात. पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला एक मुलगा बहामनी दरबारी मलिक हसन झाला, व त्याचा पुत्र मलिक अहमद याने अहमदनगरची निजामशाही स्थापिली. या मलिक अहमदाची पणती म्हणजे चांदबिबी. आज तिचे चरित्र वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे, ते केवळ पूर्वजांच्या गौरवाकरिता नव्हे. स्त्रियांनी शस्त्र धरावे काय, या वादात तिच्या चरित्रातील एक बोध नेहमी दृष्टीआड होतो. तो दाखविणे हा आमचा हेतू आहे.

सुमारे 1550 साली जन्मलेली ही कन्या हुसेन निजामशहाची. विजयनगराविरुद्ध जूट करताना तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला व सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला. एका तहाचे कलम म्हणून ती सासरी गेली म्हटले तरी चालेल. पण अलीने तिला जनानखान्यात कोंडून ठेविले नाही. शिकारीत व स्वाऱ्यांत ती घोड्यावर त्याच्या बरोबर असे. 1580 साली अलीचा खून झाला आणि नऊ वर्षांच्या इब्राहिमाची पालक म्हणून राज्याचा भार तिच्यावर पडला. किश्वरखान नामक महत्त्वाकांक्षी सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकिले. पुढे त्याचाच पाडाव होऊन ती सुटली.

1595 साली अहमदनगरात वारसाचा कलह माजला. मियान मंजू या कारभाऱ्याने एका तोतयास गादीवर बसविले व आपली बाजू सावरण्यासाठी मोगल शाहजादा मुराद यास आपण होऊन बोलावणे धाडिले. घरच्या भांडणात बाहेरच्यास पंच करण्याची ही खोड आमच्या देशाला किती महाग पडली, हे सांगावयास नको. डिसेंबरात किल्ल्यास वेढा पडला. अर्भक बहादुरशहाच्या नावाने चांदबिबीने किल्ला हाती घेतला.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणिले. त्याची बातमी आत पोहोचताच तिने उलट खणती लावून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्याचा शोध चालू असतानाच, फेब्रुवारी 1596 मध्ये, तो उडाला. तटास पडलेले खिंडार कोणी 30 गज सांगतात, कोणी 50. कित्येक सरदारांनी पळण्याची तयारी केली. तेव्हा चिलखत घालून, मुखावर पडदा व हातात नंगी तलवार अशी ती स्वतः खिंडारात येऊन उभी राहिली. पळणारे लाजले व परतले. संध्याकाळपर्यंत हल्ल्यामागून हल्ले परतविले गेले, आणि रात्रीत खिंडार पुन्हा बांधून निघाले. दारूगोळा सरला तेव्हा तिने सोन्यारुप्याचे गोळे डागिले अशी आख्यायिका आहे. तिच्यावाचूनही तिच्या शौर्यास उणेपणा येत नाही. अखेर वऱ्हाड देऊन तिने तह केला, पण राजधानी वाचविली.

तह टिकला नाही. 1597 च्या आरंभी विजापूरचा सुहेलखान दक्षिणी शाह्यांची संयुक्त फौज घेऊन सोनपेठच्या परिसरात मोगलांशी दोन दिवस झुंजला. त्यात दक्षिणेचा पराभव झाला. 1600 साली शाहजादा दानियालचा वेढा पुन्हा अहमदनगरास पडला. या वेळी किल्ला लढविणे व्यर्थ आहे, अटी घालून तो द्यावा व बालराजास सुखरूप बाहेर काढावे, असा तिचा विचार पडला. ज्या अधिकाऱ्यास तिने हा विचार सांगितला, त्यानेच ती शत्रूस फितूर झाल्याची हाकाटी केली. आणि ज्यांचा तट तिने राखिला होता, त्यांच्याच जमावाने महालात शिरून तिचा वध केला. काही आठवड्यांतच किल्ला पडला व बालराजा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. तिचा सल्ला खरा ठरला, पण तो मान्य करावयास ती उरली नव्हती.

आता आमचा मुद्दा. आम्ही कायद्याचा व्यवसाय करणारे. सत्तेचा दाखला कोणाच्या नावे आहे, हे प्रथम पाहतो. चांदबिबीने दोनदा राज्य चालविले, आणि दोन्ही वेळा अज्ञानाची पालक म्हणून. स्वतःच्या नावे तिला कोणताच अधिकार नव्हता. तट पडला तेव्हा तिची तलवार सर्वांस हवी होती; तिने निर्णय देताच ती परकी ठरली.

हे जुने झाले म्हणाल, तर 2020 साली सर्वोच्च न्यायालयापुढे काय घडले ते आठवावे. ग्रामीण भागातून आलेल्या शिपायांची मने स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानण्यास तयार नाहीत, असे सरकारतर्फे मांडण्यात आले. न्यायालयाने ते फेटाळून स्त्री अधिकाऱ्यांस कायम नेमणुकीचा हक्क दिला. 2022 साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या, आणि मे 2025 मध्ये 17 जणींची पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली. तथापि पायदळाची व रणगाडादलाची दारे त्या वर्षीही त्यांस बंदच होती.

वाचकहो, ते ग्रामीण शिपाई म्हणजे कोण? पूर्णेच्या, पाथरीच्या, सोनपेठच्या घरांतलेच मुलगे ना? त्यांच्या नावावर हा आक्षेप घेतला गेला; तो खोटा पाडणे आपल्याच हाती आहे. ज्या घरात बहिणीचा शब्द हिशेबात घेतला जातो, त्या घरचा मुलगा स्त्रीच्या हुकमाने लाजणार नाही. नगराजवळच्या डोंगरावरील सलाबतखानाच्या कबरीस लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. दुसऱ्याच्या थडग्यास तिचे नाव देऊन तिचे ऋण फिटत नाही. प्रबोधिनीच्या परीक्षेचा अर्ज जी मुलगी मागेल, तिला तो आनंदाने भरू द्यावा. फेड झालीच तर त्यानेच होईल.