मेरी क्युरी

मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी (जन्म : ७ नोव्हेंबर १८६७, वॉर्सा, पोलंड, मृत्यू : ४ जुलै १९३४, पासी, फ्रान्स) या पोलिश-फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होत्या. भौतिकशास्त्र (१९०३) व रसायनशास्त्र (१९११) अशा दोन विज्ञानशाखांतील नोबेल पारितोषिके मिळवणाऱ्या त्या आजवरच्या एकमेव व्यक्ती आहेत. रेडियमच्या शोधामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. पहिल्या महायुद्धात त्यांनी सुमारे १५० स्त्रियांना क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून तयार केले, हे कार्य मात्र त्यामानाने दुर्लक्षित राहिले आहे.

बालपण आणि शिक्षण

त्यांचे वडील गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक होते, तर आई मुलींची शाळा चालवीत असे. मेरी दहा वर्षांच्या असताना आईचे क्षयाने निधन झाले. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियाच्या अमलाखाली होता आणि वॉर्सा विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यामुळे त्यांनी चोरून भरणाऱ्या, सतत जागा बदलणाऱ्या वर्गांत शिक्षण घेतले. थोरली बहीण ब्रोन्या हिच्या पॅरिसमधील वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे पाठवता यावेत म्हणून त्यांनी काही वर्षे परक्या घरी राहून मुलांना शिकवण्याची नोकरी केली. १८९१ मध्ये त्या स्वतः पॅरिसला गेल्या. सोर्बोन विद्यापीठात १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या व पुढील वर्षी गणिताच्या परीक्षेत दुसऱ्या.

संशोधन व अध्यापन

१८९५ मध्ये त्यांचा पिएर क्युरी यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधली. १९०६ मध्ये पिएर यांचा रस्त्यावरील अपघातात मृत्यू झाला आणि त्यांचा अध्यापनाचा भार मेरी यांच्याकडे आला. सोर्बोनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याआधी १९०० पासून त्या सेव्ह्र येथील शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेत विज्ञान शिकवीत असत. त्यांच्या युद्धकाळातील कामाचे मूळ या अनुभवात शोधणे वावगे ठरू नये.

महायुद्ध व क्ष-किरण सेवा

१९१४ मध्ये पॅरिस येथील रेडियम संस्थेची इमारत उभी राहते न राहते तोच युद्ध सुरू झाले. मेरी यांनी जवळचे एक ग्रॅम रेडियम शिशाच्या पेटीतून आगगाडीने बोर्दो येथे नेऊन सुरक्षित ठेवले व त्या पॅरिसला परतल्या. क्ष-किरणांची यंत्रे शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत होती, तर जखमी सैनिक आघाडीवर होते. शरीरात रुतलेली गोळी नेमकी कोठे आहे हे न कळल्याने शल्यचिकित्सकांना अंदाजानेच शस्त्रक्रिया करावी लागे.

यावर मेरी यांनी काढलेला उपाय सोपा होता. मोटारगाडीत क्ष-किरण नळी, पडदा, छायाचित्रणाचे सामान व काळे पडदे ठेवायचे आणि गाडीच्या इंजिनावर डायनॅमो चालवून वीज निर्माण करायची. जेथे वीज नाही तेथेही यामुळे तपासणी होऊ लागली. सैनिक या गाड्यांना लाडाने ‘छोट्या क्युरी’ म्हणू लागले. मेरी यांनी देणगीदारांकडून गाड्या मागून आणल्या, शरीररचनेचा अभ्यास केला, वाहन चालवण्याचा परवाना काढला आणि गाडीची किरकोळ दुरुस्तीही शिकून घेतली. अशा सुमारे २० गाड्या व रुग्णालयांतील सुमारे २०० कायम केंद्रे त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. या सेवेचा लाभ दहा लाखांहून अधिक सैनिकांना झाला, असे मानले जाते.

तंत्रज्ञ स्त्रियांचे प्रशिक्षण

यंत्रे आली, पण ती चालवणारे हात नव्हते. अननुभवी माणसाच्या हाती नळी बिघडे, चित्र धूसर येई आणि मग डॉक्टरांचा या साधनावरचा विश्वासच उडे. म्हणून १९१६ मध्ये मेरी यांनी रेडियम संस्थेत स्त्रियांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली कन्या इरेन शिकवीत असे. इरेनचे वय तेव्हा जेमतेम एकोणीस होते, तरी आघाडीजवळच्या रुग्णालयांत तिने हे काम आधीच केलेले होते.

वर्गात येणाऱ्या स्त्रियांचे शिक्षण सारखे नव्हते. काहींना विज्ञानाचा गंधही नव्हता. अभ्यासक्रम काही आठवड्यांचाच होता. त्यात विजेची मूलतत्त्वे, क्ष-किरणांचे स्वरूप, शरीररचना आणि मुख्यतः प्रत्यक्ष हाताने काम करणे यांचा समावेश होता. वीजजोडणी कशी करावी, नळी कशी सांभाळावी, काचेच्या पट्टीवर चित्र कसे घ्यावे व धुवावे, हे सारे विद्यार्थिनी स्वतः करीत. नळी थोडी सरकवून दोन चित्रे घेतली, तर छायेच्या सरकण्यावरून गोळीची खोली भूमितीने काढता येते, हेही त्यांना शिकवले जाई. शालेय भूमितीचा इतका तातडीचा उपयोग क्वचितच झाला असेल. शिकून तयार झालेल्या स्त्रियांना रुग्णालयांतील केंद्रांवर पाठवले जाई. युद्धानंतर १९१९ मध्ये काही अमेरिकी सैनिकांनीही याच संस्थेत शिक्षण घेतले. या सर्व अनुभवावर मेरी यांनी लिहिलेले युद्धातील क्ष-किरणशास्त्रावरचे पुस्तक १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रकृती व मृत्यू

क्ष-किरणांमुळे त्वचा भाजते हे तेव्हा माहीत होते, परंतु दीर्घकालीन हानीची पुरेशी कल्पना नव्हती आणि संरक्षणाची साधने तुटपुंजी होती. घाईच्या वेळी तीही बाजूला राहत. मेरी यांचा मृत्यू अस्थिमज्जेत रक्तपेशी न बनण्याच्या विकाराने झाला. त्याचा दोष दीर्घकाळ रेडियमलाच दिला गेला. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँतेऑं या स्मारकात हलवताना फ्रेंच तज्ज्ञांनी किरणोत्साराची मोजणी केली. ती अपेक्षेहून कमी आढळल्याने, युद्धकाळात शरीरावर पडलेले क्ष-किरण हेच आजाराचे अधिक संभाव्य कारण असावे, असे मत त्यांनी मांडले. इरेन यांनी १९३५ मध्ये पती फ्रेदेरिक जोलिओ यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. १९५६ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.