लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर

गोमंतकात पारोडे येथील पर्वतावर श्री चंद्रेश्वर भूतनाथाचे प्राचीन देवस्थान आहे. या पर्वताचे नाव आडनावात धारण करणारे लक्ष्मण ऊर्फ खाप्रूमामा पर्वतकर यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. देवालयांच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंतांच्या परंपरेतून ते पुढे आले.

तबलावादनात त्यांनी ध्यास घेतला तो लयीच्या हिशेबाचा. हात, पाय व मुख यांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरून ते अचूक एका समेवर येत. हे किती कठीण आहे, ते एका साध्या उदाहरणाने कळेल. १६ मात्रांचा त्रिताल व १० मात्रांचा झपताल एकाच लयीत एकदम सुरू केल्यास दोहोंची सम पुन्हा ८० मात्रांनंतरच जुळते. तोवर दोन्ही ताल मनात वेगवेगळे जागते ठेवावे लागतात. ही साधना त्यांनी आयुष्यभर केली आणि ‘लयभास्कर’ ही उपाधी सार्थ केली. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज बालवादकांच्या स्पर्धांत द्रुत वादनाला टाळ्या मिळतात. मुलांना स्पर्धेस पाठविण्यापूर्वी पालकांनी त्यांच्याकडून हाताने ताल देऊन मात्रा मोजून घ्याव्यात. खाप्रूमामांना तीच खरी आदरांजली ठरेल.