पळवणकर बाळू : चेंडू चालला, कप मात्र वेगळा

पांढुर्णा/सौसर : आपल्याकडं संत्र्याचा तोडा संपला की टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा लागतात. त्यात खेळणाऱ्या पोट्ट्यांना पळवणकर बाळू कोण, विचारून पहा. बहुतेक मान हलवतील.

घराणं मूळ कोकणातलं, जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडला. म्हणजे आजच्या हिशोबानं हाही राज्याच्या रेषेपलीकडचाच मराठी माणूस. वडील फौजेत, समाज चर्मकार. पोरगा पुण्यात मैदानावरच्या कामाला लागला. 1892 च्या सुमारास साहेबांच्या पूना जिमखान्यात महिना 4 रुपये पगार. पिच लोटायची, नेट बांधायचं, अन् साहेब लोकांना तासन्‌तास बॉल टाकायचा. बॅट मात्र हाती दिली नाही कोणी. त्या फुकटच्या सरावातूनच डाव्या हाताची फिरकी तयार झाली.

साहेबांना हरवायचं तर हा पाहिजे, हे पुण्याच्या हिंदू क्लबला कळलं. घेतलं. पण चहाच्या वेळेला तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणही वेगळं. त्यानं हात लावलेला चेंडू मात्र सगळ्यांना चालायचा!

पुढं मुंबई, रेल्वेची नोकरी. 1906 ला हिंदू संघानं युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूची गोलंदाजी मोठी. 1911 ला पतियाळाच्या महाराजांच्या संघासोबत इंग्लंडला गेला. संघानं जास्त सामने हरले, पण यानं एकट्यानं 114 बळी घेतले, सरासरी 19 च्या आत. आम्ही कॉमर्सवाले, जमा-खर्च आधी पाहतो. जमेला 114 बळी, अन् हिंदू संघाच्या कप्तानीच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य. 1920 ला तर त्याला संघातूनच वगळलं, तेव्हा भाऊ शिवराम अन् विठ्ठल निषेध म्हणून बाहेर पडले. शेवटी 1923 ला कप्तानी मिळाली ती धाकट्या विठ्ठलला.

बाळू राजकारणातही उतरला. 1932 च्या पुणे करारावर त्याची सही आहे. 1937 ला काँग्रेसनं त्याला मुंबईत थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर उभं केलं. एकेकाळी बाबासाहेबांनाच त्याचा मोठा अभिमान होता. लढत वाटते तितकी एकतर्फी झाली नाही, साधारण 2 हजार मतांनी हरला.

1955 ला मुंबईत बाळू गेला. धाकटा भाऊ विठ्ठल यानं मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवलं.